बंद कंपन्यांची कागदपत्रं: रद्दी की ठाण्याचा वारसा?

खोपटची:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "ठाण्याचा वारसा म्हणजे तलाव, कौपिनेश्वर आणि १८५३ ची रेल्वे. कंपन्यांच्या जुन्या फायली स्कॅन करून प्रदर्शनं भरवणं म्हणजे भंगाराला हार घालणं." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

रिक्षात बसताना आपण काय सांगतो? नितीन कंपनी, कॅसल मिल, गोल्डन डाईज, कॅडबरी. अर्ध्या शहराचे पत्ते कंपन्यांच्या नावावर चालतात आणि तिथे काय बनायचं, कोण कामाला यायचं हे विचारलं तर पंचविशीतलं एक पोर सांगू शकत नाही. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ ला आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. रेमंडची गिरणी त्याच्याही आधीची, १९२५ ची, सिंघानियांकडे आली १९४४ साली. किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर ही वस्ती कुणाच्या पगारावर वाढली? आणि हे सगळं "वारसा नाही"?

माझे वडील एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसला होते. कंपनी बंद झाली (नाव नको) तेव्हा ट्रेसिंगचे (नकाशांच्या प्रतींचे) गठ्ठे आणि गृहपत्रिकेचे, म्हणजे कंपनी कामगारांसाठी छापायची त्या मासिकाचे, अंक टेम्पोत भरून गेले. त्यातले थोडे अंक वडिलांनी आणले म्हणून वाचले. कँटीन कमिटीची निवडणूक, खंडेनवमीची पूजा, सूचना पेटीतून कुठल्या हेल्परने जिग (काम पकडून ठेवायचं साधन) सुधारून दिला त्याचा फोटो आणि बक्षिसाची रक्कम. हे दुसरीकडे कुठे सापडणार मला सांगा.

टाटांनी १९९१ ला स्वतःचं अर्काइव्ह (जुन्या कागदपत्रांचं संग्रहालय) काढलं, आता ते पुण्यात आहे. गोदरेजचं विक्रोळीला २००६ पासून आहे. पहिल्या निवडणुकीच्या बारा लाखांहून जास्त मतपेट्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या हे आज लोकांना माहीत आहे ते कागद जपले आणि जुन्या कामगारांना बसवून बोलतं केलं म्हणून. विक्रोळीहून ठाणं लांब आहे का? इथे प्लांटचा जुना नकाशा जमिनीवर अंथरा, निवृत्त लोकांना बोलवा, तुमचं मशीन कुठे होतं तिथे उभे राहा म्हणा. शाळेतल्या पोरांना धडा वाचून जे कळणार नाही ते तासाभरात कळेल.

चेकनाका:
ती पोस्ट माझी, आणि मी एक शब्द मागे घेत नाही. कंपनी काय जपते? चेअरमनसाहेब फीत कापताना, क्रिकेटची ढाल, परदेशी पाहुणे. माझ्या वडिलांची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली, ते कुठल्या गृहपत्रिकेत आलं? त्याच वर्षीच्या अंकात 'सुरक्षा सप्ताह उत्साहात' छापलंय, अंक घरी आहे. असल्या कागदांवर प्रदर्शन भरवलं की ते कंपनीचंच कौतुक होणार. आणि शेवटी ते फोटो लागणार कुठे, तर त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या लॉबीत. पोरांना न्यायचंय तर मासुंदा तलावावर न्या.

खोपटची:
अहो, मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! अपघाताची नोंद फॅक्टरी ॲक्टखाली ठेवावीच लागते. तारीख, मशीन, काय झालं, सगळं रजिस्टरमध्ये असतं. गृहपत्रिका आणि ते रजिस्टर शेजारी शेजारी मांडा, तुमच्या वडिलांची गोष्ट तिथेच उभी राहते. रजिस्टर रद्दीत गेलं की फक्त 'सुरक्षा सप्ताह' उरतो. कागद फेकून फायदा कुणाचा झाला याचा विचार करा.

घणसोलीकर:
ठाणेकरांची चर्चा वाचली. खाडीच्या अलीकडे पण बघा. दिघा, रबाळे, घणसोली, पावणे, तुर्भे, हा सगळा पट्टा भातशेती आणि मिठागरांचा होता. १९६० च्या दशकात एमआयडीसीने घेतला, १९७० ला सिडको आली आणि उरलंसुरलं गेलं. कंपनीच्या फायलीत इतिहास सुरू होतो भूमिपूजनापासून. त्याच्या आधी तिथे कुणाचं खळं होतं, मोबदला काय मिळाला, नोकरी देतो म्हणून सांगितलेल्या किती घरांत खरंच नोकरी आली, हे कोण लिहिणार? माझे आजोबा खाडीत बोय मासे आणि कोळंबी पकडायचे. केमिकलचं पाणी सुटायला लागल्यावर जाळ्यात वास मारणारी मासळी यायची, बाजारात कुणी हात लावत नव्हतं. जानेवारी १९८४ ला जासईला गोळीबारात आमची पाच माणसं गेली तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा (घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा) विषय पुढे सरकला. वारसा सांगायचा तर पहिला कागद सातबारा लावा, नाहीतर आमच्या गावात प्रदर्शन घेऊन येऊ नका.

टूलरूम:
सगळ्यांचं बरोबर असेल पण मला ह्या प्रदर्शनाचं काही घेणंदेणं नाही, मला माझे कागद पाहिजेत. वागळेत रोड नंबर २२ च्या आसपास एका कंपनीत टूलरूमला होतो. बंद पडली १९९४ ला. नंतर दुसरीकडे लागलो, मधे बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर विनापीएफ काढली. पेन्शनची वेळ आली तेव्हा कळलं, पहिल्या कंपनीची सर्व्हिस रेकॉर्डला दिसतच नाही. ईपीएस ९५ ला (पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेला) दहा वर्षं लागतात, ती सर्व्हिस धरली नाही तर माझी भरत नाहीत. त्याआधीच्या १९७१ च्या फॅमिली पेन्शन योजनेचे पैसे कापले जायचे, माझ्याकडे पगाराच्या तीन चिठ्ठ्या आहेत, त्या पुरत नाहीत म्हणतात. मस्टर (हजेरीपट) आणा. मस्टर कुठून आणू? वॉचमनने सांगितलं, ऑफिसचं सगळं भंगारवाल्याने किलोवर नेलं. तुम्ही फोटो जपा, आमचं आयुष्य किलोवर गेलं.

अकाउंट्सवाला:
भावना समजतात पण कायदा काय म्हणतो तेही बघा. कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची सक्ती आहे, त्यापुढे नाही. कुठली कंपनी तीस वर्षांपूर्वीचं मस्टर भाड्याच्या गोडाऊनमध्ये सांभाळेल? आणि मस्टर, मेडिकल, चार्जशीट हे प्रदर्शनात मांडायचे कागद नव्हेत. कुणी दारू पिऊन कामावर आला म्हणून सस्पेंड झाला, त्याच्या नातवाने ते भिंतीवर वाचायचं का? टूलरूम यांनी स्वतःचे कागद तेव्हाच जपायला हवे होते.

टूलरूम:
तेव्हाच जपायला हवे होते म्हणजे? तुमच्या केबिनला कुलूप होतं हो, आमच्याकडे लॉकर होता, तोसुद्धा गेट बंद झाल्यावर आत राहिला! सकाळच्या पाळीला गेलो तर गेटवर नोटीस. डबासुद्धा आत राहिलेली माणसं आहेत. आणि फक्त माझं नाही, आमच्या बॅचमधला एक जण जन्मतारखेची चूक दुरुस्त करायला फिरतोय, जॉइंट डिक्लेरेशनवर (कामगार आणि मालकाने मिळून द्यायच्या अर्जावर) मालकाची सही मागतात, मालक आहे कुठे?

खोपटची:
अकाउंट्सवाला, "जपायला हवे होते" हे वाक्य मागे घ्या. खरंच घ्या. बाकी खाजगी कागद भिंतीवर लावा असं मी कुठे म्हटलं? जपणं वेगळं, दाखवणं वेगळं.

अकाउंट्सवाला:
बरं, ते वाक्य कडक झालं. पण मुद्दा मागे घेत नाही. टूलरूम, भांडण बाजूला ठेवून सांगतो. कंपनी दरवर्षी प्रत्येक मेंबरच्या वर्गणीचा हिशेब फॉर्म ३ए मध्ये आणि सगळ्यांचा मिळून ६ए मध्ये पीएफ ऑफिसला भरायची, म्हणजे एक प्रत तिकडे गेलेली असते. कंपनीचा कोड नंबर आणि तुमचा खाते नंबर घालून लेखी मागा, माहिती अधिकारातून मागा. कंपनी कोर्टामार्फत लिक्विडेशनमध्ये (गुंडाळायला) गेली असेल तर कागद त्यासाठी नेमलेल्या लिक्विडेटरने ताब्यात घेतले असू शकतात, तिकडेही अर्ज टाका.

टूलरूम:
कोड नंबर चिठ्ठीवर आहे. टाकतो अर्ज. पण हे सांगणारं माणूस मला आत्ता भेटलं, इतकी वर्षं नुसत्या चपला झिजवल्या.

चेकनाका:
इथे माझं मत थोडं बदलतं, आनंदाने नाही. मस्टर, अपघात रजिस्टर, युनियनचे करार, दत्ता सामंतांच्या काळातल्या गेट मीटिंगची पत्रकं, हे आधी जपणार असाल तर विरोध नाही. चेअरमनचे फोटो शेवटी. आणि बिल्डरचा एक रुपया त्यात आला तर मी गेटवर उभा राहून विरोध करीन.

खोपटची:
बिल्डरचे पैसे नकोतच. पण मग कपाटं, खोली, स्कॅनर कुठून येणार? पालिकेच्या वाचनालयात एक खोली मागू. टूलरूम, तुमच्या बॅचमधले जेवढे लोक सापडतील त्यांच्या पगारचिठ्ठ्या, ओळखपत्रं, करारांच्या प्रती आधी स्कॅन करू, मूळ कागद त्यांच्याच घरी राहू देत. प्रदर्शनाचं नंतर बघू.

घणसोलीकर:
आणि सातबारा? सगळे बोललात, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. आमच्याकडे अवॉर्डच्या (जमीन घेताना ठरवलेल्या मोबदल्याच्या) नोटिसा आहेत, घराघरात पत्र्याच्या पेट्यांत. खोली ठाण्यातच घेणार असाल तर आम्ही आमचं वेगळं काढतो.