डॉक्टर ‘आले’, परिचारिका ‘आली’

दांडियाबाजार, वडोदरा (प्रश्न)
आमच्या मंडळाच्या आरोग्य शिबिराचे इंग्रजी टिपण मी एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून मराठीत करून घेतले. मूळ टिपणात स्त्री-पुरुष असा उल्लेख नव्हता, तरी ‘डॉक्टर नऊ वाजता आले’ आणि ‘परिचारिका औषधे घेऊन आली’ असे उतरले. प्रत्यक्षात डॉक्टर बाई होत्या आणि ज्यांना आपण ‘ब्रदर’ म्हणतो असे एक तरुण परिचारक होते. समारोपात तर माझ्याच तोंडी ‘मी आभार मानतो’ घातले! माझ्या गुजराती मैत्रिणीला ही अडचण येत नाही, कारण ‘हुं आभार मानुं छुं’ यात लिंग दिसतच नाही. असे का होते, आणि त्यावर उपाय काय?

अनुवादक, अलकापुरी
मराठी क्रियापदाला बहुधा लिंग ठरवावेच लागते, म्हणून मुळात नसलेली माहिती साधन आपल्या शिकवणीच्या मजकुरातून, म्हणजे तिथे जे वारंवार आढळते त्यावरून, भरून काढते. इंग्रजी मजकुरावरून शिकलेल्या शब्दप्रतिमांत, म्हणजे शब्दांची एकमेकांशी जवळीक आकड्यांत मांडणाऱ्या रूपांत, पुरुषांची नावे व्यवसायाशी आणि स्त्रियांची कुटुंबाशी अधिक जवळ येतात, हे संशोधक कॅलिस्कन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात दाखवले होते. गूगलने २०१८च्या डिसेंबरात तुर्की भाषेतील लिंगनिरपेक्ष वाक्यांची इंग्रजीत दोन्ही रूपे देण्यास सुरुवात केली. माझ्या मते मराठीतही साधनाने दोन्ही रूपे द्यावीत किंवा आधी विचारावे. तोवर कोण स्त्री, कोण पुरुष हे आरंभीच लिहून द्या.

निवृत्त शिक्षक, कारेलीबाग
‘मानतो’ चूकच आहे. ‘आले’बद्दल मात्र घाई नको. ते आदरार्थी बहुवचन आहे. डॉक्टर कोण हे ठाऊक नसतानाही आपण ‘डॉक्टर आले का?’ असेच विचारतो.

दांडियाबाजार, वडोदरा
सर, हे मला मान्य आहे. पण मग परिचारिका ‘आल्या’ का नाहीत? एकाच शिबिरात, लागोपाठच्या दोन वाक्यांत, एकाला आदर आणि दुसरीला एकवचन मिळाले.

निवृत्त शिक्षक, कारेलीबाग
हे माझ्या नजरेतून सुटले होते आणि लिंगापेक्षा ते मला अधिक गंभीर वाटते, कारण इंग्रजी क्रियापदात आदराचा भेदच नसतो. म्हणजे मानाची ही उतरंड पूर्णपणे मराठी करताना घातली गेली. लिंग चुकले तर ओळखीचा माणूस लगेच टोकतो, पण ‘आली’ वाचताना कोणी थबकत नाही.

अनुवादक, अलकापुरी
तर मग सूचनेत लिंगाबरोबर ‘सर्वांचा उल्लेख आदरार्थी करावा’ हेही घालावे लागेल. ‘मी आभार मानले’ असे लिहिल्यास निदान तेवढ्या वाक्यापुरता लिंगाचा प्रश्न उरत नाही.

दांडियाबाजार, वडोदरा
तसे करून पाहिले. आता ‘डॉक्टर आल्या, परिचारक आले’ असे उतरले आहे. मात्र सफाई करणाऱ्या मावशी, ज्यांचा उल्लेख टिपणाच्या शेवटी एका ओळीत होता, अजूनही ‘आली’च आहेत. ते मी हाताने दुरुस्त करते आहे.