पेन्शनच्या आकड्यापलीकडचे प्रश्न
निवृत्तीनंतर कोणत्या परदेशात स्थायिक व्हावे, यावर इथे झालेल्या चर्चेत देश निवडण्याचा निकष म्हणून दरमहा किती पेन्शन दाखवावी लागते, एवढाच विचार झालेला दिसतो. पनामात आजीवन पेन्शन दरमहा किमान १,००० डॉलर असली की वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, हे खरेच आकर्षक आहे. पण आकडा ही पहिली पायरी झाली, खरी कसोटी परवाना टिकवण्यात असते.

थायलंडचे उदाहरण घ्या. वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने तिथल्या बँकेत ८ लाख बात (तिथले चलन) ठेवून वास्तव्याला एका वर्षाची मुदतवाढ घेतली, तर अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ती रक्कम तशीच राहावी लागते, आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे अचानक शस्त्रक्रिया करावी लागली तर हा पैसा आपला असूनही हाताशी नसतो. त्यासाठीची तजवीज वेगळी हवी. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, आणि पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता देशाबाहेर पडल्यास मुदतवाढ रद्द होते. घरून निरोप आल्यावर घाईने निघणाऱ्या माणसाच्या नेमके हेच ध्यानातून जाते.

करसवलतींवरही फार विसंबू नये, कारण पोर्तुगालने परदेशी पेन्शनवरील सवलतीची जुनी योजना २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद केली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न मात्र इथे कोणीच विचारलेला नाही: पेन्शनधारकाच्या पश्चात, त्याच्यावर अवलंबून म्हणून आलेल्या जोडीदाराचा वास्तव्याचा हक्क राहतो का? याचे लेखी उत्तर वकिलाकडून मिळाल्याखेरीज राहते घर विकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.