चोरांनी धोतराच का निवडला असावा?

दर्यावर्दी :
गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात धोतऱ्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. चोर अन्नातून धोतरा चारतात, आणि तो पोटात गेलेला माणूस नुसता हसत राहतो, अंगावरचे दागिने कोणी उतरवले तरी अडवत नाही, असे त्यात म्हटले आहे. गुंगवायचेच होते तर अफू किंवा भांग होतीच की. मग धोतराच का?

वैद्यकी :
कारण अफूने माणूस झोपतो, धोतऱ्याने तो जागेपणी भरकटतो. धोतऱ्यातील हायोसायमिन, ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतील प्रभावी रसायने, ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंच्या निरोप्या रसायनाची वाट अडवतात. ॲसिटिलकोलिन शरीरात लाळ, घाम, बाहुलीचे आकुंचन आणि मूत्राशयाचे काम सांभाळते, तर मेंदूत अवधान आणि नव्या आठवणींची नोंद. स्कोपोलामिन मेंदूत सहज शिरते. त्यामुळे माणूस बोलतो, चालतो, सांगितले तसे वागतो, पण घडलेले त्याच्या मनात नोंदलेच जात नाही. दुसऱ्या दिवशी चोराचा चेहरा आठवणार तरी कसा? भांग घेतलेल्याला आपण भांग घेतली आहे याचे भान बहुधा असते. येथे तेही उरत नाही. म्हणून मी याला नशा न म्हणता सन्निपात, म्हणजे भ्रमिष्ट अवस्था, म्हणेन.

रातपाळी :
तालुक्याच्या दवाखान्यात असताना असा एक रुग्ण मी पाहिला. तो चादरीवरचे नसलेले दोरे एकेक करून वेचत होता आणि शेजारी कोणी नसताना कोणाला तरी विडी देऊ करत होता. जीभ लाकडासारखी कोरडी, अंग तापलेले पण घामाचा थेंब नाही, आणि बॅटरीचा झोत टाकूनही बाहुल्या तशाच विस्फारलेल्या. नातेवाईक करणीची चर्चा करत होते. दागिन्यांचे सोडा, अशा अवस्थेत ताप, हृदयाचे वाढलेले ठोके आणि तुंबलेली लघवी जिवावर बेतू शकतात.

जुनी पोथी :
चर्चा चोरांभोवतीच फिरते आहे, ते मला एकांगी वाटते. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, ती धोतरा असलेला काढा पाजून रुग्णाला बेशुद्ध केल्यावरच. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून इंग्लंडात गेली. आजच्या इनहेलरमधील इप्राट्रोपियम हे औषध ॲट्रोपिनपासूनच घडवलेले आहे; रेणूवर कायमचा विद्युतभार असल्याने ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही.

दर्यावर्दी :
तिघांचेही आभार, पण बी कडू असते ना? खाणाऱ्याला कळत कसे नसे?

वैद्यकी :
तिखट कालवणात कडवटपणा दबतो, आणि ते बी मिरचीच्या बियांमध्ये सहज खपून जाते. फरक इतकाच, की धोतऱ्याचे बी तपकिरी आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे असते, तर मिरचीचे पिवळसर आणि चपटे. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्याला परीक्षेत ही दोन बिया शेजारीशेजारी ठेवून हमखास विचारतात.