ख्रिस्ती विद्यापीठात राज्यशास्त्र: फॉर्म भरण्याआधी काय बघावं?

डिचोलीकर
मुलगी गोवा बोर्डातून बारावी आर्ट्स झाली. प्राथमिक मराठीतून, पुढे इंग्रजीतून. राज्यशास्त्रच करायचं हे तिचं ठरलेलं आहे, आणि बंगळूरच्या 'क्राइस्ट' या ख्रिस्ती विद्यापीठाचा फॉर्म भरायचा विचार चालू आहे. शंका अशा: बायबलचे तास सक्तीचे असतात का? विषयात धर्म किती येतो? आमचा ओबीसी दाखला तिथं चालेल का? आणि म्हापसा-नुवेच्या कॉलेजांपेक्षा तिथं वेगळं काय?

अबोली_फोंडा
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण घोळ तिथंच होतो. गोव्यात ख्रिस्ती कॉलेजं आहेत, ख्रिस्ती विद्यापीठ नाही. म्हापशाचं सेंट झेवियर्स (१९६३), नुवेचं कार्मेल, नावेलीचं रोझरी ही सगळी गोवा विद्यापीठाला संलग्न. कॉलेजला स्वायत्त दर्जा असला तर अभ्यासक्रम कॉलेज आखतं, पण पदवीवर नाव गोवा विद्यापीठाचंच. बंगळूरचं क्राइस्ट हे २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. तिथं अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी तिन्ही त्यांचीच. म्हणून माहितीपुस्तकातली रंगीत पानं सोडा आणि सहाही सेमिस्टरच्या पेपरांची यादी मागून घ्या. राज्यशास्त्र 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आहे की तीन विषयांपैकी एक, हे त्या यादीतच कळतं. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास शिकवणं, म्हणजे ४ क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. मेजरचे पेपर मोजले की विषय किती खोल जाणार ते दिसतं.

हजेरीचा नियमही विचारा. बऱ्याच ठिकाणी ७५ टक्के असतो, क्राइस्टमध्ये ८५. चतुर्थीला आठ दिवस घरी राहायची सवय असलेल्या मुलांची गणितं इथं चुकतात.

बायबलबद्दल: संविधानाचं कलम २८(३) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती संमतीशिवाय करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर ती संमती पालकाची. बारावीनंतर बरीच मुलं सतरा वर्षांचीच असतात, म्हणजे सही तुमची जाणार. फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांत जे हमीपत्र असतं त्यात असा काही मजकूर आहे का, ते वाचूनच सही करा. मूल्यशिक्षणाचा तास मात्र वेगळा. तो सगळ्यांना असू शकतो आणि त्याला क्रेडिटही असू शकतं.

ओबीसी दाखल्याबाबत आशा ठेवू नका. कलम १५(५) प्रवेशातल्या राखीव जागांसाठी आहे, पण कलम ३०(१) खालच्या अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या आहेत. ओबीसी म्हणून जागा ठेवायचं बंधन त्यांच्यावर येत नाही. खुल्या जागांवर गुण आणि त्यांची प्रवेश परीक्षा हेच बघितलं जाईल असं धरून चाला. शिष्यवृत्तीचं प्रकरण वेगळं. त्यासाठी मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवा.

खाजनकाठ
धर्म किती येतो याबद्दल. राजकीय विचारांच्या पेपरात ऑगस्टीन आणि ॲक्वायनस हे ख्रिस्ती तत्त्वज्ञ कुठल्याही विद्यापीठात येतात. निसर्गनियमाची (माणसांनी केलेल्या कायद्यांच्या वरचा नैतिक कायदा) कल्पना समजून घ्यायला ते टाळता येत नाहीत. ख्रिस्ती संस्थेत कदाचित भर पडेल ती कॅथलिक सामाजिक विचारांची: पोप तेरावे लिओ यांचं कामगारांविषयीचं १८९१ चं परिपत्रक, पोप अकरावे पायस यांचं १९३१ चं. दुसऱ्यात 'सब्सिडिॲरिटी'चं तत्त्व आहे: जे काम खालच्या पातळीवर होऊ शकतं ते वरच्या संस्थेनं आपल्याकडे ओढू नये. पुढे युरोपीय संघाच्या मास्ट्रिक्ट करारातही ते आलं.

गोव्याच्या मुलीला हे परकं वाटायचं कारण नाही. रविवारच्या ग्रामसभेत तिनं हाच वाद ऐकलेला असतो. पण उत्तरपत्रिकेत 'पंचायत राज म्हणजे सब्सिडिॲरिटी' असं सरळ लिहिलं की गुण जातात. कलम २४३-जी (243G) मध्ये विधानमंडळ पंचायतींना अधिकार 'देऊ शकेल' असं आहे, 'देईल' असं नाही. अधिकार वरून खाली येतात आणि तेही ऐच्छिक. सब्सिडिॲरिटीची सुरुवात खालून होते. हा फरक ज्याला दाखवता आला त्याला विषय कळला.

पाटो_वाचक
मराठीतून आलेल्यांची अडचण इंग्रजी स्पेलिंगची नसते, एका शब्दाची असते: राज्य. 'स्टेट' म्हणजे सिद्धांताच्या पेपरात राज्यसंस्था, संघराज्याच्या पेपरात घटकराज्य, आणि कलम १२ मध्ये संसदेपासून स्थानिक प्राधिकरणापर्यंत सगळं. मराठीत तिन्ही ठिकाणी 'राज्य' डोक्यात बसलेलं असतं. मग 'स्टेटविरुद्ध हक्क' या प्रश्नाला मुलं गोवा सरकारवर उत्तर लिहून येतात. 'सेक्युलर'चंही तसंच: संविधानाच्या मराठी प्रास्ताविकेत धर्मनिरपेक्ष, हिंदीत पंथनिरपेक्ष. वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा, मध्ये मराठी, उजवीकडे कुठल्या पेपरात कुठला अर्थ, असे तीन रकाने पाडा. पहिल्या सेमिस्टरला साठ-सत्तर संज्ञा पुरतात.

आणि मराठी ही तिची जमेची बाजू आहे, हे तिला नक्की सांगा. चार वर्षांचा 'ऑनर्स विथ रिसर्च' पदवीक्रम घेतला (पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात) तर १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावर काम करायचं तर विलीनीकरणाच्या बाजूचा 'गोमंतक' आणि विरोधातला 'राष्ट्रमत' दोन्ही मराठीत. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघता येतात. संविधानात सार्वमताची तरतूद नसताना संसदेनं १९६६ साली खास कायदा करून हा कौल घेतला, एवढा एक मुद्दासुद्धा प्रबंधाला पुरेल.

डिचोलीकर
सर्वांचे आभार. हमीपत्राचं तर लक्षातच आलं नव्हतं. जाताना बोर्डाकडून काय न्यावं लागतं?

अबोली_फोंडा
मायग्रेशन सर्टिफिकेट. परराज्यात ते मागतातच, आणि मुलं निकालानंतर विसरतात. अर्ज आत्ताच करा. मूळ प्रत जमा करण्याआधी तीन साक्षांकित प्रती काढा. क्रेडिट बँकेचा (मिळवलेली क्रेडिट जिथं ऑनलाइन जमा होतात) आयडी डिजिलॉकरमधून काढताना नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरानं अक्षर जुळतेय का ते बघा. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि गुणपत्रिकेवर नाही, एवढ्यावरून क्रेडिट अडकतात.