समुद्रकाठच्या शहराची हवा हिवाळ्यात का बिघडते?

प्रश्न (रावपुरा, वडोदरा):
माझ्या धाकट्या बहिणीला दमा असून तिचे सासर मुंबईत आहे. पावसाळ्यात तिला पंपाची आठवणही होत नाही, पण डिसेंबर लागला की रात्री उठून बसावे लागते. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवले तर काळी पूड लागते. समुद्र इतका जवळ असताना असे का व्हावे?

उत्तर (दांडिया बाजार):
जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, त्यामुळे दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे रात्री उलटतात आणि जमिनीकडून समुद्राकडे, तेही मंदपणे, वाहू लागतात. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटतात, शिवाय जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, म्हणून वाहनांचा धूर आणि बांधकामांची धूळ खालीच कोंडून राहते. रात्री समुद्रावर गेलेला धूर दुपारच्या वाऱ्याबरोबर पुन्हा किनाऱ्यावर येऊ शकतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. जून ते सप्टेंबर मात्र नैर्ऋत्य मोसमी वारे आणि पाऊस मिळून हवा धुऊन काढतात.

उत्तर (मांजलपूर):
पीएम २.५ या सूक्ष्म कणांची आपल्याकडील मर्यादा २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. ताईंनी रोजचा आकडा पाहावा आणि हिवाळ्यात पहाटेऐवजी दुपारी, वारा सुटल्यावर, फिरायला जावे. औषधाचे डॉक्टरांनाच विचारावे.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. ती रोज पहाटे साडेपाचलाच फिरायला निघते. आज रात्रीच फोन करतो.