३० बाय २० च्या स्लॅबला ७५ पोती सिमेंट लागतं का?

उचगावकर:
उचगावात घराचा स्लॅब टाकायचाय. ३० × २० फूट, जाडी ५ इंच, एम २०, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ (बेरीज ५.५). घनफळ २५० घनफूट. त्याला ५.५ ने भागून, एका पोत्याचे १.२२६ घनफूट धरले की ३७ पोती येतात. ठेकेदार ७५ मागतोय. बीम ९ × १५ इंचाचे, एकूण १०० रनिंग फूट. वाळू-खडी किती ब्रास सांगू?

सेंटरिंगवाला:
ठेकेदाराचा आकडा बरोबर आहे भावा. २५० घनफूट हे ओतून घट्ट बसलेल्या काँक्रीटचं माप झालं. कोरी खडी मोजताना तिच्यातली पोकळीही मोजली जाते, आणि पाणी घालून कालवलं की वाळू-सिमेंट त्या पोकळीत जाऊन बसतं. म्हणून कोऱ्या मालासाठी १.५४ ने गुणायचं. नुसत्या स्लॅबलाच ५७ पोती झाली.

आता बीम. १५ पैकी वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आलेच, तेव्हा खालचे १० च धर, नाहीतर तेवढं दोनदा मोजशील. फुटाला ०.६२५, म्हणजे १०० फुटांना ६२.५ घनफूट. एकूण ३१२.५ × १.५४ = ४८१. सिमेंट ७१ पोती, ५ टक्के नासाडी धरून ७५. वाळू १३१ घनफूट, खडी २६३. ब्रास म्हणजे १०० घनफूट.

खडी_वाळू:
वाळूचे ते १३१ कोरड्या वाळूचे. पावसात भिजलेली वाळू फुगते, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) सुद्धा. सरळ बाजूच्या काचेच्या बरणीत ओली वाळू सैल भर, पाणी घालून ढवळ, बसू दे. २० सेंटीमीटरची १६ झाली तर फुगवटा २५ टक्के. मग १६४ घनफूट मागव. मिक्सरवरही फर्म्यात (माल मोजायच्या खोक्यात) तेवढी वाढीव वाळू टाकायची. नाही टाकली तर दर पोत्यामागं काँक्रीट कमी पडतं आणि स्लॅब संपायच्या आधी सिमेंट संपतं. घमेली मोजून माल टाकू देऊ नको, कुणी सपाट भरतो, कुणी शीग लावतो. ३५ लिटरचा फर्मा करून घे, एका पोत्यातलं सिमेंटही तेवढंच भरतं.

टिपरचा हौदा आतून टेपनं मोज. १० × ६ × २.५ फूट म्हणजे दीडच ब्रास, पावतीवर दोन लिहिलेलं असलं तरी.

सेंटरिंगवाला:
सेंटरिंगची, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याची, लेव्हलही बघ. प्लेटा सगळीकडं अर्धा इंच खाली बसल्या तर २५ घनफूट, म्हणजे पावणेसहा पोती जास्त.

उचगावकर:
आणि तयार काँक्रीट मागवलं तर?

खडी_वाळू:
तर १.५४ अजिबात लावू नको, प्लँटवाले ओलंच देतात. ३१२.५ ला ३५.३ ने भागलं की ८.८५ घनमीटर. पंपाच्या पाइपात अडकतं ते धरून साडेनऊ सांग. जिन्याची मोकळी जागा मात्र आधी वजा कर, ती तू कुठंच धरलेली दिसत नाही.