लॅटिनो कथांतील माचिस्मो: बायकांची गोष्ट कोणी सांगायची?

रानजाई:
मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन (लॅटिनो) लेखिका सँड्रा सिस्नेरोस यांच्या ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ या कादंबरीत (१९८४) राफाएला नावाची तरुण बायको आहे. ती देखणी आहे, पळून जाईल, या धास्तीने नवरा मंगळवारी डॉमिनो खेळायला जाताना तिला घरात कोंडतो. मग ती खिडकीतून एक डॉलर खाली टाकते आणि मुलांनी आणलेला नारळाचा किंवा पपईचा रस दोरीला बांधलेल्या कागदी पिशवीतून वर ओढून घेते. हाताचा फटकाही न दाखवता माचिस्मो, म्हणजे मर्दपणाचा तो तोरा, इथे पुरता उघडा पडतो. डॉमिनिकन वंशाचे अमेरिकन लेखक जुनो दियाझ यांच्याकडे मात्र बायकांची गोष्ट बहुतेक वेळा युनिओर हा बाहेरख्याली निवेदकच सांगतो, आणि त्याच्या बोलण्याची भुरळ पडून त्याने फसवलेल्या बायका धूसर होतात. मला हे खटकते.

पैलतीर:
आपले दुसरे म्हणणे मला पटत नाही. दियाझ यांच्या ‘द ब्रीफ वंडरस लाइफ ऑफ ऑस्कर वाओ’ या कादंबरीत (२००७) ऑस्करची बहीण लोला स्वतःच्या तोंडून बोलतेच, शिवाय तिथे मुलीला डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियोच्या नजरेआड ठेवणारा बाप तुरुंगात सडतो आणि पुढे त्याच घरातल्या बेलीला (लोलाच्या आईला) उसाच्या शेतात नेऊन मरणप्राय मारतात. त्रुहियोच्या १९३० ते १९६१ या राजवटीने जी मर्दानगी मिरवली, तीच युनिओरच्या अंगात भिनली आहे, आणि ती त्याच्याच कबुलीतून कळते. याउलट सिस्नेरोस यांचे कोंडणारे पुरुष जवळजवळ बिनचेहऱ्याचे आहेत, त्यामुळे ‘लॅटिनो पुरुष असेच’ हा गोऱ्या वाचकाचा ग्रह बळावतो.

रानजाई:
घरची अब्रू चव्हाट्यावर नको, हे प्रत्येक समाजात आधी बाईलाच ऐकवले जाते. सिस्नेरोस यांच्या ‘वुमन हॉलरिंग क्रीक’ (१९९१) या कथेत मार खाणाऱ्या क्लेओफिलासला टेक्सासमधून सोडवायला फेलिसे येते, तेव्हा तिला पहिले नवल वाटते ते पिकअप गाडीचे, कारण ती फेलिसेच्या नवऱ्याची नाही. तिने स्वतः निवडलेली आहे आणि हप्तेही तीच भरते. कोंडणाऱ्याचा चेहरा रंगवण्यापेक्षा मला ही गाडी मोलाची वाटते.

पैलतीर:
गाडी मलाही आवडते, पण ती जाते कुठे? क्लेओफिलास पोराला घेऊन मेक्सिकोत माहेरी, बाप आणि सहा भावांच्या घरी परतते. ज्या बापाने तिला सीमेपलीकडे दिले, त्याच्याच उंबरठ्यावर कथा तिला पोचवते, आणि या परतीला सुटका म्हणायला माझे मन धजत नाही.